ई-क्लास : जुनी भरवशाची की नवी?

प्रश्न : आमच्या घरी १९९३ सालची मर्सिडीज-बेंझ ई ३२० आहे. वडिलांनी ती नवी असल्यापासून जपली आहे आणि ती आजही रोज रस्त्यावर असते. मला आता त्याच ई-क्लासची, पण २०१० ते २०१५ या काळातील एखादी वापरलेली गाडी घ्यायची आहे. वडील आणि त्यांचे मेकॅनिक दोघेही म्हणतात, की खरी मर्सिडीज १९९५ साली संपली आणि त्यानंतरच्या गाड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. त्यांचे म्हणणे कितपत बरोबर आहे?

उत्तर : आपल्या वडिलांचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष अर्धाच खरा आहे. हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो आणि तो जिव्हाळ्याचा असल्यामुळे त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

आपल्याकडे असलेली गाडी डब्ल्यू १२४ या पिढीची आहे. ही पिढी १९८४ च्या अखेरीस आली, सेडानच्या रूपात १९९५ पर्यंत बनत राहिली आणि सर्व प्रकार मिळून तिच्या पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिची पुण्याई मुख्यतः यांत्रिक भागांत आहे. ओतीव लोखंडी ब्लॉकची सहा सिलिंडरची इंजिने, प्रत्यक्ष गरजेपेक्षा जास्त ताकदीचे गिअरबॉक्स, १९८२ च्या ‘१९०’ या लहान सेडानसाठी विकसित केलेले आणि नंतर हिलाही दिलेले मागील चाकांचे बहुदांडी सस्पेन्शन, या सर्वांची रचना करताना काटकसरीचा विचार फारसा झालेला दिसत नाही. त्या काळातील बहुतेक डिझेल इंजिनांचा इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक होता आणि एकदा सुरू झालेले इंजिन चालत राहण्यासाठी त्याला विजेची गरज जवळजवळ नसे. अशी गाडी सहसा आगाऊ सूचना देऊन बिघडते. बुश झिजला की खडखडाट होतो, गिअरबॉक्स थकला की गिअर उशिरा पडतो, रेडिएटर तुंबला की तापमानाचा काटा दिवसेंदिवस वर सरकतो आणि कान उघडे ठेवणाऱ्या मालकाला दुरुस्तीसाठी काही आठवड्यांची सवड मिळते. आपल्या वडिलांचा विश्वास या सवडीतूनच आलेला आहे.

मात्र ‘१९९५ पर्यंतचे सगळे सोने’ हा समज पारखायचा असेल, तर आपल्या घरातील गाडीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. साधारण १९९२ ते १९९५ या काळातील गाड्यांमध्ये इंजिनाच्या वायरिंग हार्नेससाठी, म्हणजे वायरींच्या जुडग्यासाठी, जे इन्सुलेशन वापरले गेले, ते इंजिनाच्या उष्णतेने काही वर्षांत कडक होऊन झडू लागते. ई ३२० मधील एम १०४ हे इंजिन या दोषासाठी प्रसिद्ध आहे. त्याच काळातील एस-क्लासही त्यातून सुटलेली नाही. हार्नेस मूळचाच असेल, तर तो तपासणे अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड असताना आणि बॅटरीची जोडणी सोडवून, हार्नेसचे बाहेरचे काळे आवरण दोन बोटे मागे सारावे आणि आतील एखादी वायर हलकेच वाकवून पाहावी. निरोगी वायरचे इन्सुलेशन वायरबरोबर वळते. सडलेल्या इन्सुलेशनचे वाळलेल्या चिखलासारखे पापुद्रे हातात येतात आणि आतले तांबे उघडे पडते. अशा दोन उघड्या वायर एकमेकींना टेकल्या की इंजिन आयडलवर थरथरते, मधूनच बंद पडते आणि प्लग, कॉइल, एअरफ्लो सेन्सर असे एकामागून एक भाग बदलूनही गुण येत नाही. थ्रॉटलच्या विद्युत नियंत्रकाच्या आतील वायरही त्याच जातीच्या असतात. त्यामुळे हार्नेस बदलला तरी तो भाग विसरून चालत नाही. आपल्या वडिलांनी हे काम पूर्वीच करून घेतले असेल, तर नव्या हार्नेसवर उत्पादनाची तारीख असलेली पट्टी सापडेल. ती नसेल, तर नवी गाडी घेण्याआधी या गाडीकडे लक्ष द्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. याच इंजिनाच्या हेड गॅस्केटमधून कालांतराने तेल झिरपू लागते, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

दुसरी बाब थोडी विचार करण्यासारखी आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या डब्ल्यू १२४ या त्या पंचवीस लाखांमधून उरलेल्या गाड्या आहेत. ज्यांचे इंजिन तापून गेले, ज्यांना गंजाने खाल्ले, ज्यांच्या मालकांनी तेल बदलण्याचा कंटाळा केला, त्या कधीच मोडीत निघाल्या. उरल्या त्या आपल्या वडिलांसारख्या माणसांच्या हाती पडलेल्या. याउलट आपण पाहत असलेल्या पिढीची, म्हणजे दहा-बारा वर्षांची डब्ल्यू २१२ म्हटली, की तीत जपलेल्या, हेळसांड झालेल्या, तीन-चार मालक बदललेल्या अशा सगळ्याच गाड्या येतात. निवडून उरलेल्यांची तुलना सरसकट सर्वांशी केली, तर निकाल आधीच ठरलेला असतो.

शिवाय बिघाड कशाला म्हणायचे, हेही पिढीगणिक बदलले आहे. जुन्या गाडीत जो भागच नव्हता, तो बिघडण्याचा प्रश्न नव्हता. आपल्या ई ३२० मध्ये ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा नाही, टायरमधील हवेचा दाब सांगणारा सेन्सर नाही, डिझेलच्या धुरासाठी लागणारा फिल्टर नाही. नव्या गाडीत यांपैकी एखादा सेन्सर रुसला, की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी उत्तम चालत असूनही मालकाच्या मनात ती ‘बिघडलेली’ ठरते. हे म्हणताना नव्या गाडीची बाजू घेण्याचा हेतू नाही. भाग वाढले की बिघाडाच्या जागा वाढतात, हे उघड आहे. परंतु त्या जागांपैकी कोणती गाडी थांबवते आणि कोणती फक्त चिडवते, हा फरक केल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही.

आता मधल्या दोन पिढ्यांविषयी, कारण नव्या मर्सिडीजची बदनामी मुख्यतः त्यांनी केली. १९९५ साली आलेल्या, चार गोल दिव्यांच्या डब्ल्यू २१० या पिढीला गंजाने पोखरले. दरवाज्यांच्या कडा आणि चाकांवरच्या कमानी हे दिसणारे गंज झाले. त्याहून घातक म्हणजे पुढच्या स्प्रिंगचा वरचा आधार जिथे चॅसिसला वेल्ड केलेला असतो, तिथे लपून वाढणारा गंज. तो आधार सुटला, तर गाडीचा तो कोपरा खाली बसतो. गंमत अशी, की याच पिढीला १९९७ पासून मिळालेली एम ११२ ही व्ही-६ आणि एम ११३ ही व्ही-८ इंजिने कंपनीच्या सर्वांत टिकाऊ इंजिनांमध्ये गणली जातात. म्हणजे पत्रा कच्चा आणि इंजिन पक्के, अशी ती गाडी होती. त्यानंतरच्या, २००२ साली आलेल्या डब्ल्यू २११ मध्ये पत्रा सुधारला, पण इलेक्ट्रॉनिक्सचा भार एकदम वाढला आणि विद्युत ब्रेकप्रणालीने तिची सुरुवातीची वर्षे झाकोळून टाकली. त्याविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे.

आपण पाहत आहात ती डब्ल्यू २१२ ही २००९ ते २०१६ या काळातील पिढी आमच्या मते त्या दोन्हींपेक्षा निश्चितच भरवशाची आहे, परंतु इंजिन आणि साल पाहूनच ती घ्यावी. चार सिलिंडरच्या ओएम ६५१ डिझेलचे सुरुवातीच्या वर्षांतील पिएझो इंजेक्टर मोठ्या प्रमाणावर निकामी झाले आणि कंपनीने त्यांच्या जागी सोलेनॉइड प्रकारचे इंजेक्टर बसवून दिले. हा बदल झाल्याची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये असलीच पाहिजे. याच इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सकडे आहे, त्यामुळे तिचे काम निघाले तर ते मोठे असते. सहा सिलिंडरच्या ओएम ६४२ डिझेलमध्ये दोन्ही सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत ऑइल कूलर बसवलेला आहे आणि त्याची सीले कडक झाली की तेल तिथेच साचत जाऊन शेवटी इंजिनाच्या मागून खाली ओघळते. सीलाची किंमत नगण्य, पण तिथपर्यंत पोहोचण्यासाठी वरचे सगळे उतरवावे लागते. पेट्रोलमध्ये २०११ पासूनचे एम २७६ हे व्ही-६ चांगले आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करताना पहिली एक-दोन सेकंदे चेनचा खडखडाट ऐकू आला, तर चेन ताणून धरणारा टेन्शनर बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला इंजिन आधी गरम करून ठेवू देऊ नका.

निवड आमच्यावर सोपवली, तर आम्ही २०१३ च्या फेसलिफ्टनंतरची, म्हणजे त्याच पिढीचे रूप आणि काही भाग सुधारल्यानंतरची, सहा सिलिंडरची, एकाच मालकाची आणि पूर्ण नोंदी असलेली गाडी सुचवू. ती आपल्या वडिलांच्या गाडीइतकी वर्षे टिकेल का? यांत्रिक भाग टिकतील. मात्र वीस-पंचवीस वर्षांनी तिचे एखादे कंट्रोल युनिट गेले, तर ते मिळेल आणि गाडीशी जुळवता येईल की नाही, यावर तिचे आयुष्य ठरेल. डब्ल्यू १२४ चा जवळजवळ प्रत्येक भाग हातांनी दुरुस्त करता येतो, आणि या एका बाबतीत आपल्या वडिलांचे मेकॅनिक पूर्णपणे बरोबर आहेत. रोज कुटुंबाला घेऊन महामार्गावर वेगाने जायचे असेल, तर एअरबॅग, ईएसपी आणि अपघातातील सांगाड्याचे वर्तन यांचा विचार करता नवी गाडीच घ्यावी, असे मात्र आम्ही ठामपणे सांगू.


प्रश्न : मला २००५ सालची ई ३५० पेट्रोल, डब्ल्यू २११, कमी किमतीत मिळत आहे. गाडी दिसायला अतिशय सुंदर आहे. या पिढीच्या ब्रेकविषयी बरेच उलटसुलट ऐकले आहे. घ्यावी का?

उत्तर : या पिढीच्या २००६ च्या फेसलिफ्टपूर्वीच्या गाड्यांत सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल, म्हणजेच एसबीसी ही प्रणाली आहे. तिच्यात ब्रेकच्या पेडलवर पडणारा दाब सेन्सर मोजतात, संगणक प्रत्येक चाकासाठी किती दाब हवा ते ठरवतो आणि तो दाब विजेवर चालणारा पंप पुरवतो. गाडीचा दरवाजा उघडताच पुढून ‘घूं’ असा बारीक आवाज येतो, तो याच पंपाचा. कल्पना पुढच्या काळातली होती. आज कित्येक गाड्यांत निराळ्या रूपात हेच तत्त्व वापरले जाते. परंतु रस्त्यावर आलेल्या पहिल्या रूपात ते पुरेसे पिकलेले नव्हते. मे २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या आणि मार्च २००५ मध्ये आणखी मोठी, सुमारे १३ लाख गाड्यांची मोहीम जाहीर झाली. तिच्यात ब्रेकप्रणालीबरोबरच अल्टरनेटरचा व्होल्टेज रेग्युलेटर आणि बॅटरीचे नियंत्रण यांचाही समावेश होता. फेसलिफ्टमध्ये कंपनीने एसबीसी काढून टाकून नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक पुन्हा बसवले, यातच सारे आले.

एसबीसी बंद पडली तरी गाडी अगदीच बिनब्रेकची होत नाही. पेडलचा दाब थेट हायड्रॉलिक मार्गाने पोहोचतो, पण फक्त पुढच्या चाकांना, आणि त्यासाठी पेडल खोलवर व जोर लावून दाबावे लागते. ज्याला याची कल्पना नाही, त्याच्या दृष्टीने तो क्षण जिवावर बेतणारा असू शकतो. या पंपाचे आयुष्य ब्रेक किती वेळा दाबला यावर मोजले जाते आणि ती मोजणी कंट्रोल युनिटमध्ये साठते. म्हणून कंपनीच्या प्रणालीशी जुळणाऱ्या स्कॅनरवर ती वाचून घ्या आणि युनिट बदलले असल्यास त्याचा कागद मागा. ब्रेक पॅड बदलण्याआधी ही प्रणाली स्कॅनरने निष्क्रिय करावी लागते, कारण काम चालू असताना कोणी दरवाजा उघडला तर पंप आपोआप दाब भरतो आणि पिस्टन मेकॅनिकच्या बोटांवर येतो. आपला मेकॅनिक हे न विचारता पॅड काढायला बसला, तर त्याच्याकडे ही गाडी देऊ नका.

आपल्या गाडीत याखेरीज आणखी एक मोठा धोका आहे आणि तो ब्रेकच्या गाजावाजात मागे पडतो. ई ३५० मधील एम २७२ इंजिनाच्या सुरुवातीच्या उत्पादनात, इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टवरील दाते असलेले चक्र अकाली झिजते. दाते झिजले की चेनची जागा सरकते, व्हॉल्व्हचे टायमिंग मागे पडते आणि इंजिनाचा दिवा लागतो. चक्र लहानसे आहे, पण ते बदलण्यासाठी इंजिन गाडीतून बाहेर काढावे लागते. २००७ च्या आधीच्या इंजिनांत ही शक्यता खरी आहे, म्हणून इंजिन क्रमांक कंपनीच्या नोंदींशी पडताळून घ्या आणि कॅमशाफ्टच्या टायमिंगसंबंधी फॉल्ट कोड साठलेले आहेत का ते पाहा. कोड नुकतेच पुसलेले असतील, तर तेही जाणकाराला कळते.

दोन्ही कामे झाल्याचे पुरावे असतील, तर गाडी घ्यायला हरकत नाही; तशी ती चालवायला फार आनंददायी आहे. एकाही कामाचा पुरावा नसेल, तर तिच्या सौंदर्याला भुलू नका आणि त्याच पिढीची २००७ ते २००९ मधील गाडी शोधा.


प्रश्न : माझ्या १९९९ सालच्या ई-क्लासच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले आहे, असे सांगण्यात आले होते. ते खरोखरच बदलायचे नाही का?

उत्तर : अवश्य बदलायचे. आपला गिअरबॉक्स ७२२.६ या मालिकेतील, १९९६ मध्ये आलेला पाच गतींचा आहे. त्याला तेल मोजायची नळी आहे, पण तीत डिपस्टिक नाही, वर फक्त कुलूपबंद झाकण आहे. तेलाकडे बघूच नका, असाच तो संकेत होता. पुढे कंपनीने स्वतःच तेल बदलण्याची सूचना दिली. आमच्या मते ६० हजार किलोमीटर हे अंतर योग्य आहे. ‘आयुष्यभर’ या शब्दात कोणाचे आयुष्य, हे कोणी सांगत नाही. तेलाचे की वॉरंटीचे?

या गिअरबॉक्सचा आणखी एक दोष आवर्जून सांगावासा वाटतो. बाजूला जो गोल विद्युत कनेक्टर जोडलेला असतो, त्याच्या बुशमधील रबरी रिंगा काही वर्षांनी आकसतात. मग तेल नुसते खाली ठिबकत नाही, तर वायरमधील तांब्याच्या बारीक तारांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, हळूहळू वर चढत जाते आणि शेवटी गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटच्या डब्यात पोहोचते. गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, मेकॅनिक गिअरबॉक्स उघडण्याची भाषा करतो आणि खरा दोष एका किरकोळ बुशचा असतो. म्हणून पुढच्या वेळी कंट्रोल युनिटचा प्लग काढून पाहायला सांगा. पिनांवर तेलाचा ओलावा दिसला, तर आधी बुश बदला, प्लग आणि पिना स्वच्छ करा आणि त्यानंतरच पुढचा विचार करा. तेलाची पातळी ठरलेल्या तापमानाला, योग्य डिपस्टिक घालूनच मोजावी; थंड तेलावर घेतलेले माप फसवे असते.


प्रश्न : नवी पिढी बाजारात आल्याबरोबर घ्यावी, की थांबावे? की हा नियम फक्त जर्मन गाड्यांना लागू आहे?

उत्तर : थांबावे. कमीत कमी दोन वर्षे, आणि जमल्यास फेसलिफ्टपर्यंत. वरच्या उत्तरांतील दोष पाहिले, तर त्यांतील बरेचसे त्या-त्या पिढीच्या पूर्वार्धातले आहेत, हे लक्षात येईल. डब्ल्यू २११ चे ब्रेक, एम २७२ ची चक्रे आणि ओएम ६५१ चे इंजेक्टर ही सगळी दुखणी पुढच्या उत्पादनात दूर झाली. ज्या डब्ल्यू १२४ चे आज गोडवे गायले जातात, तीही याला अपवाद नव्हती. तिच्या सुरुवातीच्या गाड्या कमी वेगात हिसके देत आणि जर्मनीतील टॅक्सीचालकांनी त्याविरुद्ध मोठा आवाज उठवला होता. ते आज कोणाच्या स्मरणात नाही, कारण पुढची दहा वर्षे त्या गाडीत सतत सुधारणा होत गेल्या.

वायरिंगचा प्रकार मात्र याच्या उलट आहे, कारण तो दोष पिढीच्या उत्तरार्धात शिरला. तेव्हा ‘शेवटची वर्षे चांगली’ हा नियमही डोळे मिटून लावू नये.

हा नियम फक्त जर्मन गाड्यांचा नाही, पण कंपनीच्या स्वभावाने त्याची धार कमी-जास्त होते. टोयोटाने १९८९ साली लेक्सस एलएस ४०० आणली, तेव्हा ती पूर्णपणे नवी गाडी होती. नवे व्ही-८ इंजिन, नवा कारखानी दर्जा, नवे नाव. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मोजक्या तक्रारींवरून अमेरिकेत तोपर्यंत विकलेल्या सुमारे आठ हजार गाड्या परत बोलावून दुरुस्त केल्या गेल्या. म्हणजे पहिल्या वर्षी दोष तिथेही निघाले, पण गाडी मुळात इतकी पारखून घेतलेली होती, की त्या पहिल्या पिढीतील कित्येक गाड्या आजही शांतपणे धावत आहेत. तिच्यातही इलेक्ट्रॉनिक्स भरपूर होते. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बिघाड, असे समीकरण आम्ही मांडत नाही. अपुऱ्या चाचणीनंतर विकलेले इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बिघाड, असे म्हणता येईल.


प्रश्न : जुनी, पण फार कमी चाललेली ई-क्लास घ्यावी, की नवी आणि दोन लाख किलोमीटर चाललेली?

उत्तर : नोंदी सारख्याच चांगल्या असतील, तर दोन लाख चाललेली. वीस-पंचवीस वर्षांत जेमतेम चाळीस हजार किलोमीटर झालेल्या गाडीत इंजिन झिजलेले नसते, पण सीले सुकलेली, होजपाइप फुगलेले, ब्रेकच्या तेलात पाणी उतरलेले आणि टायर दगडासारखे झालेले असतात. अशी गाडी रोज वापरायला काढली, की पहिल्या वर्षातच एकेक सील गळू लागते. महामार्गावर नियमित धावलेल्या आणि वेळेवर तेल मिळालेल्या गाडीचे आकडे मोठे दिसतात, पण तिचे सांधे मोकळे असतात. कमी चाललेली जुनी गाडी घ्यायचीच असेल, तर रबराचे झाडून सगळे भाग, सर्व द्रव आणि टायर यांचा खर्च तिच्या किमतीत आधीच मिळवून मगच सौदा करावा, आणि डब्ल्यू २१० असेल, तर पुढची चाके उतरवून स्प्रिंगचे आधार हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.